रिबकाबाईचा अबोला

या मंडळी, पुढं या! मागं भिंतीला टेकून बसलेत त्यांनी पण या — सतरंजी काही चावत नाही! थंडी आहे म्हणून शाल घ्या, पण कान तेवढे उघडे ठेवा. कान झाकलेत तर मी बोलून उपयोग काय?

बसलात? मग आज एक प्रश्न घेऊन आलोय. उत्तर लगेच देऊ नका, घाई नाही. आपण देवाला हाक मारतो. घरात माणूस आजारी असतं, आपण गुडघे टेकतो, रडतो, सगळी मंडळी रडते. आणि देव — गप्प! माणूस हातातून निघून जातं. आता सांगा, अशा वेळी देव असतो कुठं? आणि त्याच्यावर रुसावं, की रुसू नये?

पाळकसाहेब माझ्याकडे डोळे मोठे करून बघायलेत! साहेब, घाबरू नका, आख्यान पुढं आहे.

तर ऐका. गोदावरीच्या काठापासून थोडं आत बोरखेडी नावाचं गाव. काळी जमीन, दगडी बांध, आणि गावाच्या उगवतीला आपलं छोटंसं देवालय — कौलारू, पांढरं, वर क्रूस, दोन बाजूंना मोठाल्या खिडक्या. देवालयाच्या भिंतीला लागून एक मोसंबीची बाग. बाग कुणाची? रिबकाबाई बोर्डे यांची.

रिबकाबाई म्हणजे — काय सांगू! कमरेला पदर खोचला की दोन गड्यांचं काम एकटी उरकायची. आणि गळा? अहो, भजनात तिनं सूर लावला की पेटीवाला थांबायचा! म्हणायचा, ‘बाई, तुम्ही गा, मी ऐकतो.’ नवरा लवकर गेलेला. एकुलता एक लेक — शांतवन. आईनं वाढवला, शिकवला. त्यानं नोकरी नाही धरली, माती धरली. मोसंबीची रोपं आणली, खड्डे घेतले, एकेक झाड लेकरासारखं लावलं. मग सून आली घरात — करुणा. बोलायला कमी, कामाला पुढं. सासूला म्हणायची ‘आत्याबाई’. तिघांचं घर! संध्याकाळी अंगणात बसून तिघंही गायची, आणि रस्त्यानं जाणारा माणूस सायकल हळू करायचा.

आणि मंडळी, एका पावसाळ्याच्या शेवटी शांतवनला ताप आला.

साधा ताप वाटला. काढा दिला, गोळ्या दिल्या. ताप डोक्यात गेला. तालुक्याला नेलं. इकडे बोरखेडीत देवालयाचं दार उघडलं, आणि सगळी मंडळी आत. म्हातारी, पोरं, शेतातून आलेली, हातापायाला चिखल लागलेली. रिबकाबाई सगळ्यांच्या पुढं, जमिनीला कपाळ टेकून. ‘प्रभू, मला एकच आहे. मला एकच आहे रे!’ दुसरं काही नाही, तेवढंच पुन्हा पुन्हा.

शांतवन गेला.

(पेटी नको आता. थांबा जरा.)

माती दिली. लोक आले, बसले, गेले. आणि रिबकाबाईनं देवाशी बोलणं टाकलं. उपासनेला यायची हो — नेहमीच्या जागेवर बसायची, सगळे उठले की उठायची. पण ओठ मिटलेले! भजनात नाही, प्रार्थनेत नाही. साधं ‘आमेन’सुद्धा नाही. पाळक गोर्डेसाहेब एकदा हळूच म्हणाले, ‘बाई, प्रभूला सांगा मनातलं.’ तर म्हणाली, ‘सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. आता माझ्याकडं सांगायला काही उरलं नाही.’

साहेब मुकाट्यानं चहा पिऊन गेले. शहाणा माणूस! काही वेळा चहा पिऊन उठणं हेच चांगलं प्रवचन असतं.

मग थंडी आली. आता इथं ज्यांच्या बागा आहेत त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगतो. मोसंबीला थंडीत ताण द्यायचा असतो. ताण म्हणजे काय? पाणी तोडायचं! झाड हिरवंगार उभं असतं, आणि आपण पाणी बंद करतो. पान पिवळं पडतं, गळतं. बघवत नाही! पण झाड त्या दिवसांत विसावतं, काडी पक्की होते, आत साठवण करतं. मग वेळ बघून हळूहळू पाणी सोडलं की फुलांचा नुसता सडा! दरवर्षी शांतवन हे करायचा.

पण त्या वर्षी रिबकाबाईच्या मनानं घेतलं — माझ्या लेकानं लावलेली झाडं मी सुकू देणार नाही! एक पान गळू देणार नाही! आणि तिनं पाणी चालूच ठेवलं. सकाळी धुकं असायचं, समोरचा बांध दिसायचा नाही, आणि त्या धुक्यात ही बाई अनवाणी, हातात फावडं, या दांडातून त्या झाडाच्या आळ्यात पाणी फिरवते आहे. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, कुणी स्वप्नात चालतंय.

करुणा एकदा म्हणाली, ‘आत्याबाई, ते या दिवसांत पाणी तोडायचे.’

‘तो तोडायचा. मी नाही तोडणार.’

‘झाडाला विसावा...’

‘करुणा! या घरातलं एक गेलंय. दुसरं काही जाऊ द्यायचं नाही मला!’

संपलं बोलणं.

झाडं राहिली हिरवी. अशी हिरवी की नजर लागावी! वसंत आला, पळस पेटले, कडूनिंबाला मोहर आला. मोसंबीला काय आलं? पानं! पानांवर पानं. फूल शोधायला गेलं तर इथं एक, तिथं एक. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस गेले, पुनरुत्थानाचा रविवार गेला, उन्हाळा तापला, पाऊस आला. रिबकाबाई झाडांमधून हात फिरवत चालायची. झाडं होती, सावली होती. फळ नव्हतं.

आणि करुणा? करुणा पण तशीच घरात. कामाला चुकली नाही, उलट शब्द नाही. पण तिच्या माहेरचं कुणी आलं की रिबकाबाई दारातच उभी — ‘काय काम काढलं?’ बाजाराला निघाली की, ‘लवकर ये.’ विहिरीवर गेली की, ‘कुणाशी बोलत होतीस?’ दुष्टपणा नव्हता हो. भीती होती! एकदा हात रिकामा झालेला माणूस जे उरलंय ते इतकं घट्ट धरतो, की त्या बिचाऱ्याला श्वास घेता येत नाही.

पाऊस सरता सरता गोर्डेसाहेब पुन्हा आले. या वेळी चहा पुढं आला तरी हात लावला नाही. म्हणाले, ‘बाई, शेजारच्या गावच्या मंडळीत विजयानंद पारधे म्हणून आहे. सुतारकाम करतो. बायको वारली त्याची. माणूस सरळ आहे. करुणाचं वय काय आहे? तिचा विचार...’

सुतार! आपल्या प्रभूच्याच धंद्याचा माणूस, मंडळी! यापेक्षा चांगलं स्थळ पाळकानं आणावं तरी कुठून?

पण रिबकाबाई उठली. कपबशी उचलली. ‘साहेब, माझी सून आहे ती. लाकूड नाही, सुताराला द्यायला.’

करुणा चुलीपाशी होती. सगळं ऐकलं. पिठात हात तसाच राहिला तिचा. मग पुन्हा भाकरी थापायला लागली.

आता पुढची थंडी. नाताळच्या आधी रिबकाबाई आजारी पडली. छातीत कफ, अंगात ताप, उठवेना. आता बाजेवर पडलेल्या माणसाला कोण विचारतं — पाणी कुठं चाललंय, बागेत पाण्याचं दारं कोण धरतंय? करुणानं रात्रंदिवस केलं. शेक दिला, पेज पाजली, पाठ चोळली. गावात ताऱ्याचे कंदील लागले, पोरं गात दारावरून गेली, आणि रिबकाबाई ग्लानीत. तिला वाटायचं शांतवनच गातोय. मग डोळे उघडायची, आणि दिसायची करुणा.

नवं वर्ष लागलं. ताप उतरला. एका सकाळी रिबकाबाई काठी घेऊन हळूहळू बागेत गेली. आणि तिथंच थांबली!

सगळी बाग पिवळी! जमिनीवर पानांचा थर. वारा आला की आणखी गळतायत. काही फांद्या तर उघड्या पडलेल्या. आळी कोरडी ठक्क.

‘करुणा! अगं करुणा! झाडं मरायलीत!’

करुणा धावत आली. रिबकाबाई विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीकडे निघालेली, काठी टेकत, धापा टाकत. करुणा पुढं झाली, आणि खोपीच्या दारात उभी राहिली.

‘आत्याबाई, आत्ता नाही द्यायचं पाणी. मी तोडलंय. ताण आहे हा. अजून थोडे दिवस.’

‘तू? तू तोडलंस? मी मरत पडले होते, आणि तू माझ्या लेकाची झाडं...’

‘त्यांनीच शिकवलं होतं मला.’

आणि मंडळी, मग रिबकाबाईच्या तोंडून शब्द गेला. तोंडातून गेलेला शब्द परत ओढून घेता येत नाही, हे तुम्हाला मला वेगळं सांगायला नको. ती म्हणाली, ‘तुला तो पण नको होता, आणि त्याची झाडं पण नकोत! जा — जा त्या सुताराच्या घरी!’

करुणा हलली नाही. वर्षा-दीड वर्षात ज्या पोरीनं आवाज चढवला नव्हता, तिचा आवाज चढला.

‘आत्याबाई, तो माझा पण होता ना! तुमचा लेक गेला, सगळ्या गावानं तुम्हाला धरलं. मी पण धरलं. मला कुणी धरलं? घरात रडायला जागाच ठेवली नाही तुम्ही. सगळं रडणं तुमचंच! मी कुठं रडू? चुलीत?’

आणि ती रडली. अशी रडली की बांधावरचा बैल मान वळवून बघायला लागला. पिवळ्या पानांत खाली बसली, तोंडाला पदर लावला आणि रडली.

रिबकाबाई उभी. मोटार दोन पावलांवर. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी सांगतो, माझ्यासारख्यानं रागाच्या भरात कळ दाबली असती! रिबकाबाई काठी टाकून खाली बसली. करुणाच्या पाठीवर हात ठेवला. पानं गळत होती — एक तिच्या डोक्यावर, एक हिच्या मांडीवर.

मोटार लावली नाही तिनं.

त्या दिवसापासून दुपारची ती बागेत जाऊन बसायची. पातळ ऊन, आजारातून उठलेलं अंग. डोळा लागायचा, उघडायचा. पिवळं पान पडताना फारसा आवाज होत नाही, पण अगदी शांत बसलं तर ऐकू येतो — कुणीतरी जपून पाऊल टाकावं तसा. एका दुपारी अशीच पेंगलेली असताना रिबकाबाईला वाटलं, बागेत कुणीतरी चालतंय. झाडापाशी थांबतंय, फांदीला हात लावतंय, पुढच्या झाडाकडे जातंय. घाई नाही. जसा माळी आपल्या बागेतून फिरतो तसा. तिला वाटलं, शांतवन. मग वाटलं, नाही, शांतवनची चाल अशी नाही. डोळे उघडले, तर कुणी नाही. ऊन, पानं, आणि एका फांदीचं हलकं हलणं.

कोण होता? वारा होता? मी काही बघायला नव्हतो! पण मंडळी, पुनरुत्थानाच्या त्या पहिल्या रविवारी पहाटे प्रभूच्या कबरीपाशी रडत उभी असलेली एक बाई होती ना? तिला मागं कुणीतरी उभं दिसलं, आणि तिला काय वाटलं? हा माळी असेल! आपला प्रभू जिवंत उठून समोर उभा, आणि तिला वाटतंय माळी! मी म्हणतो, फारशी चुकली नव्हती ती.

रिबकाबाई त्या हलणाऱ्या फांदीकडे बघत राहिली. आणि तिच्या तोंडून निघालं —

‘तू इथंच होतास?’

कुणी बोललं नाही.

‘इथंच होतास, तर त्या दिवशी बोलला का नाहीस? मी कपाळ टेकून होते. माझ्या कपाळाला अजून ती फरशी लागते. एक शब्द बोलला असतास! तुझं काय गेलं असतं?’

आणि मग थांबेचना! दीड वर्षाचं साठलेलं. ‘माझं ऐकलं नाहीस. तुझा पण लेक गेला होता ना रे? तुला तर ठाऊक होतं कसं होतं ते! ठाऊक असून...’ आणि तिथं ती अडखळली. आपलेच शब्द तिच्या कानावर पडले. तुझा पण लेक गेला होता. ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे, तो गप्प बसला म्हणजे दूर गेला, असं कुठं आहे? करुणा नव्हती का इतके दिवस गप्प, पण शेजारीच?

भांडली, मंडळी! रिबकाबाई देवाशी भांडली! आणि मी तुम्हाला सांगतो, दीड वर्षातली ती तिची पहिली प्रार्थना. रुसलेलं माणूस भांडायला लागलं, की समजायचं अबोला सुटला! घरातल्या नवरा-बायकोंनो, हो की नाही? बघा, बायका हसायल्या, पुरुष खाली बघायलेत!

उत्तर मिळालं तिला? नाही. शांतवन का गेला, हे तिला तेव्हाही कळलं नाही, पुढंही नाही. मलाही ठाऊक नाही. जो सांगेल ‘मला ठाऊक आहे’, त्याच्यापासून जरा जपून राहा. पण मोकळी झाली. उठली तेव्हा तिला काठीची आठवण नव्हती.

मग करुणा म्हणाली, ‘आता पाणी सोडू या.’ पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, त्याला आंबवणी म्हणतात. रिबकाबाईला वाटे, भरपूर पाजावं! करुणा दांड मोडून म्हणायची, ‘हळू, आत्याबाई. इतके दिवस कोरडं राहिलेलं झाड, एकदम नाही पाजायचं.’ आणि सासू सुनेचं ऐकायची. हा त्या वर्षातला दुसरा चमत्कार!

थोड्या दिवसांनी काडीकाडीवर ठिपके दिसले. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे.

उपासाच्या दिवसांतला रविवार. देवालयात उपासना चाललेली. खिडक्या उघड्या. गोर्डेसाहेब पापाविषयी बोलत होते, जरा लांबलं होतं — लांबतं कधीकधी, मी कोण बोलणार! आणि खिडकीतून वास आला. आधी कुणाला कळेना. मग एकेक मान वळायला लागली. गोड, ओला, डोळे आपोआप मिटावेत असा. लागून असलेली सगळी बाग एकदम फुलली होती! बाहेर मधमाश्यांचा असा नाद, जणू कुणी लांबवर तंबोरा लावलाय. साहेब बोलता बोलता थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही.

आणि त्या शांततेत एक आवाज लागला. बारीक, थोडा खरखरीत, खूप दिवस न वापरलेला.

पान पान गळे, गळू दे रे देवा,
मुळाशी विसावा तूच देशी.
कोरड्या दिसांत सोबतीला होता,
नाही ओळखिला डोळां माझ्या.

रिबकाबाई गात होती! पेटीवाल्याचे हात तसेच पेटीवर राहिले. करुणानं भिंतीकडं तोंड वळवलं. सगळी मंडळी ऐकत होती, आणि तो वास आत येतच होता.

झालं? नाही, खरं काम तर पुढं आहे! भजन म्हणणं सोपं असतं, मंडळी. सोमवारी काय करता ते सांगा!

सोमवारी रिबकाबाई लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन शेजारच्या गावी गेली. सुताराच्या दारात उभी. विजयानंद रंधा मारत होता, अंगभर भुसा.

‘मी रिबका बोर्डे. पाळकसाहेबांना नाही म्हणाले होते. ते परत घ्यायला आलेय.’

विजयानंदनं रंधा खाली ठेवला. बसायला पाट पुसून दिला. आणि म्हणाला, ‘मावशी, त्यांना विचारलंत का?’

‘कुणाला?’

‘करुणाबाईंना.’

घ्या! ही बाई सुनेला मोकळं करायला निघाली, तेही स्वतःच्याच मनानं! जिला द्यायची तिला विचारायचं राहूनच गेलं! रिबकाबाई हसली. सुतार चांगला आहे हे तिला तिथंच कळलं.

घरी येऊन विचारलं. करुणा तांदूळ निवडत होती. खूप वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘तुमचं कसं होईल?’

‘माझं मी बघेन. तुझं काय?’

‘...माणूस बरा आहे म्हणतात.’

‘मी बघून आले. बरा आहे.’

‘फळ उतरू द्या मग. तोवर मी जात नाही.’

फळ उतरलं त्या वर्षी! फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि बाग उतरल्यावर, दिवस थंड व्हायला लागले तेव्हा लग्न लागलं. देवालयात डाव्या हाताला वधूकडची मंडळी, उजव्या हाताला वराकडची. रिबकाबाई आली, आणि वधूकडच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. करुणाची आई शेजारीच. दोघींनी मिळून हात धरून नवरीला पुढं नेलं. साहेबांनी विचारलं, ‘या कन्येला कोण देतं?’ दोघी एकदम बोलल्या!

तुम्हाला वाटलं असेल, निघताना करुणा तिला ‘आई’ म्हणाली. नाही हो! सवय कुठं जाते? गळ्यात पडून म्हणाली, ‘येते, आत्याबाई.’ आणि गाडी गेली.

रिबकाबाई घरी आली. घर रिकामं. खोटं कशाला सांगू, फार रिकामं! उंबऱ्यात बसून रडली. मग उठली, चूल पेटवली, एकाच माणसाचा स्वयंपाक केला. ताट समोर घेतलं. आणि हात जोडून मोठ्यानं बोलली — शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू गेलं — ‘प्रभू, आज घरात आपण दोघंच. बस जेवायला.’

तर मंडळी, रिबकाबाईची गोष्ट इथं थांबली. आता तुमची. इथं किती जण बसलेत, मी मोजत नाही. पण कुणाचे तरी ओठ मिटलेले आहेत. भजनाच्या वेळी नुसतं तोंड हलवता, मला इथून दिसतं! कुणाच्या घरात एक पोर आहे, एक सून आहे, एक म्हातारा बाप आहे, ज्याला रडायला जागा नाही, कारण सगळी जागा तुमच्या दुःखानं अडवलीय. कुणी कुणाला इतकं घट्ट धरलंय की ते हिरवं दिसतं, पण फुलत नाही. मला नावं नकोत. ज्याचं त्याला कळलं.

आता टाळ खाली ठेवा. पेटीचा भाता मिटा. थोडा वेळ कुणी गायचं नाही. ज्याला प्रभूचे आभार मानायचेत त्यानं आभार माना. आणि ज्याला भांडायचंय त्यानं, लाजू नका, मनातल्या मनात भांडून घ्या. तो ऐकतोय.